झाकलेले देह, धाडलेले देह

भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी सावदा, निंभोरा, रावेर अशी केळीच्या बागांमधली स्टेशनं मागे टाकते आणि तासाभरात बुऱ्हाणपूर येतं. मध्येच कुठेतरी महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश सुरू झालेला असतो, पण पाटी वाचल्याशिवाय ते कळत नाही. काळी जमीन तीच, केळीचे घड तेच आणि फलाटावर कानावर पडणारी मराठीही बरीचशी तीच. स्टेशन लालबागेत आहे, मूळ शहर तिथून काही किलोमीटरवर तापीच्या काठी. चौदावं शतक संपता संपता फारुकी घराण्यातल्या नासिर खानानं सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावानं हे शहर वसवलं. १६०१ मध्ये असीरगड पडला, खान्देश मोगलांकडे गेला आणि दख्खनेवरच्या त्यांच्या मोहिमांचं बुऱ्हाणपूर हे मुख्य ठाणं झालं. येणारा प्रवासी लिफ्टनं जमिनीखाली उतरून कुंडी भंडाऱ्याचं पाणी बघतो, जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख बघतो, मावा जिलेबी खातो आणि परततो. यात चूक काही नाही. पण चित्रं बघायची सवय असलेल्या माणसाला इथे एक वेगळा प्रश्न छळू लागतो. या गावात रंगवलेल्या भिंती आहेत, छतं आहेत. शाहजादे इथे राहिले आणि मेलेही. दानियाल, खुसरौ आणि परवेझ या तिघांचाही शेवट इथलाच. तरीही शहरातल्या उरलेल्या चित्रकामात माणसाचं शरीर कुठेच नाही. ते गेलं कुठे, या प्रश्नाचा माग काढत हे शहर पाहिलं, तर मानवाकृतीच्या चित्रकलेबद्दल एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते.

सुरुवात शाही किल्ल्यातल्या हमामापासून करावी. तापीच्या काठावर उभा असलेला हा किल्ला मूळचा फारुकींचा, मोगलांनी तो वाढवला. राजवाड्याचा बराच भाग आता पडका आहे, पण हमाम त्या मानानं चांगला टिकला आहे. शाहजहानच्या काळातला, मुमताजमहलसाठी बांधलेला, अशी त्याची ख्याती. आत शिरून मान वर केली की छतावर वेलबुट्टी, फुलं, एकमेकांत गुंतलेल्या भौमितिक आकृत्या दिसतात. लाल, निळ्या, हिरव्या रंगांच्या खुणा अजून शाबूत आहेत. एका ठिकाणी एक इमारतही रंगवलेली आहे. ताजमहालाची कल्पना यावरूनच सुचली, असं वाटाडे ठासून सांगतात. त्या दाव्यात फारसा दम नाही, पण त्यांच्या बोटामुळे एक गोष्ट लक्षात येते : या छतावर चित्र काढायची मुभा होती. वेल काढता येत होती, वास्तू काढता येत होती. फक्त माणूस काढलेला नाही. आणि ही जागा कोणती, तर जिथे माणसाचं शरीर जितकं उघडं असतं तितकं शहरात दुसरीकडे कुठेच नसेल. अंग चोळायचं, तेल लावायचं, वाफ घ्यायची, पाण्यात उतरायचं, हे सगळं या छताखाली चालायचं.

दुसरा मुक्काम उतावळी नदीच्या बाजूचा, बेगम शाह शुजाच्या मकबऱ्याचा. शाहजहानचा मुलगा शाह शुजा याची बायको बिल्कीस बेगम बाळंतपणात वारली, तिची ही कबर. बाहेरून पाकळ्यापाकळ्यांचा गोल आकार, म्हणून लोक याला खरबूजा महल म्हणतात. बाहेरून वास्तू लहानशी दिसते आणि आत पाऊल टाकताच भिंतीचा वीतभर भागही रिकामा दिसत नाही. फुलदाण्या, झाडं, वेली, कळ्या, सगळं चुन्याच्या गिलाव्यावर बारीक हातानं रंगवलेलं. एका तरुण बाईच्या मृत शरीराभोवती एवढी फुलं, आणि त्या शरीराची एकही आकृती नाही. हमाम आणि मकबरा एकत्र धरले की एक सूत्र दिसतं. जिथे शरीर स्वतः हजर आहे, नाहतं आहे किंवा पुरलेलं आहे, तिथे चित्रकारानं शरीर काढलेलं नाही. त्याच्याभोवती बाग उभी केली आहे. शालीसारखं चित्र त्या देहावर पांघरलेलं आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे आणि तो बहुतेकांच्या ओठांवर तयार असतो : हे मुसलमान राज्यकर्ते, त्यांच्या धर्मात माणसाचं चित्र निषिद्ध, विषय संपला. मशिदीपुरता हा खुलासा पुरेसा आहे. पण शहरापुरता तो टिकत नाही, कारण याच शहराशी जोडलेल्या माणसांनी माणसाच्या शरीराची चित्रं मुबलक काढून घेतली. अकबराचा सेनापती खानखानान अब्दुर रहीम, दोह्यांमुळे ज्याला आपण कवी म्हणून ओळखतो, त्याच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं दख्खनच्या मोहिमांत आणि बुऱ्हाणपुरात गेली. त्याच्या पदरी स्वतःचा चित्रकारखाना आणि ग्रंथालय होतं. त्याच्याच आश्रयाला आलेल्या अब्दुल बाकी निहावंदीनं १६१६ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘मआसिर-ए-रहीमी’ या त्याच्या चरित्रग्रंथात या ग्रंथालयाची आणि कलावंतांची दखल आहे. रहीमसाठी तयार झालेलं फारसी रामायण आज वॉशिंग्टनच्या फ्रिअर संग्रहालयात आहे. सोळावं शतक संपताना सुरू होऊन १६०५ च्या आसपास पुरी झालेली ती पोथी. तिच्यात सुमारे १३० चित्रं, आणि श्यामसुंदर, मुश्फिक, फज्ल, कासिम, गुलाम अली अशी चित्रकारांची नावं. नावांवरूनच कळतं की तिथे हिंदू आणि मुसलमान हात एकाच कामावर होते. राक्षसांची बेढब पोटं, वानरांचे ताठ स्नायू, राम-लक्ष्मणांच्या निळ्या-गोऱ्या काया, हे सगळं एका मुसलमान सरदारानं आपल्या खर्चानं काढून घेतलं. त्याच्याच कारखान्याशी जोडली जाणारी एक रागमाला ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. आर्चबिशप लॉड यांनी ती १६४० मध्ये तिथे दिली. रागाला मुळात शरीर नसतं. त्याला या चित्रकारांनी नायक-नायिकेचं अंग दिलं. तेव्हा ‘निषिद्ध होतं’ या उत्तरानं भागत नाही. शरीर भिंतीवरून उठून कागदावर का गेलं, हे सांगावं लागतं.

कागद आणि भिंत यांच्यात फरक काय? भिंत जागची हलत नाही. तिच्याकडे माणसानं यावं लागतं. कागद माणसाकडे जातो. पोथी उंटाच्या पाठीवर छावणीबरोबर फिरते, सुटं चित्र वकिलाबरोबर परदेशी जातं. म्हणून कागदावर बहुधा असं शरीर येतं, जे पाहणाऱ्यासमोर हजर नाही. याचा बुऱ्हाणपुराशी जोडलेला सर्वांत ठळक पुरावा म्हणजे मलिक अंबर. अहमदनगरच्या निजामशाहीचा हा हबशी वजीर जहांगीरच्या फौजांना वर्षानुवर्षं पुरून उरला. त्या फौजांचं ठाणं हेच शहर. अंबर जहांगीरच्या दरबारात कधी उभा राहिला नाही. तरी त्याचं शरीर मोगल चित्रांत पुन्हा पुन्हा येतं. हाशिम या चित्रकारानं काढलेली त्याची तसबीर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे : गडद वर्ण, भारदस्त बांधा, पांढरा जामा, शत्रूच्या चित्रकारालाही नाकारता न आलेला रुबाब. आणि डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात अबुल हसनचं ते प्रसिद्ध चित्र आहे, ज्यात पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला जहांगीर भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो. प्रत्यक्षात ते मुंडकं बादशहाला कधीच मिळालं नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारपणी आपल्या मरणानं गेला. जे शरीर हाती लागत नव्हतं, ते चित्रात पकडून आणलं गेलं. याच काळातली दुसरी नोंद इंग्रज वकील टॉमस रो याची. नोव्हेंबर १६१५ मध्ये तो बुऱ्हाणपुरात शाहजादा परवेझला भेटला आणि पुढे अजमेरला जहांगीरकडे गेला. त्याच्याजवळची एका स्त्रीची छोटी तसबीर बादशहाच्या मनात भरली. ती द्यायला रो नाखूश होता. त्यानं दिलेलं कारण असं की ती त्याला अतिशय प्रिय असलेल्या आणि आता कधीच परत न मिळणाऱ्या व्यक्तीची होती. तसबिरीचं काम कोणतं, हे याहून नेमकं सांगता येणार नाही.

या मांडणीवर दोन आक्षेप वजनदार आहेत. एक असा, की रहीमच्या पोथ्या बुऱ्हाणपुरातच रंगवल्या गेल्या, हे पानापानाला दाखवता येत नाही; कारखाना धन्याबरोबर हलायचा. हे खरंच आहे, आणि माझ्या मुद्द्याला ते पोषकच आहे. कागदावरची कला ठावठिकाण्याला बांधलेली नसते, म्हणून तर तिची ओळख गावावरून न होता आश्रयदात्यावरून होते. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे : भिंतींवरही शरीरं होती, ती फक्त टिकली नाहीत. फत्तेपूर सिक्रीच्या ख्वाबगाहात मानवाकृतींचे अवशेष आहेत. लाहोरच्या किल्ल्याच्या भिंतीवर हत्तींच्या झुंजी आणि घोडेस्वार यांची रंगीत फरशांची चित्रं आहेत. तेव्हा बुऱ्हाणपूरच्या पडलेल्या राजवाड्यात असं काही नव्हतंच, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मान्य. म्हणून माझा दावा उरलेल्या वास्तूंपुरता, स्नानगृह आणि कबर यांच्यापुरता ठेवतो. पण लाहोरच्या चित्रभिंतीची दिशा बघा. ती किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला आहे, आत येण्याची परवानगी नसलेल्यांसाठी. बादशाही थाट आतल्यांना प्रत्यक्ष दिसतच होता. बाहेरच्यांना तो चित्रात दाखवायचा होता. अजिंठ्याचंही उदाहरण पुढे केलं जाईल, कारण बुऱ्हाणपूरहून दक्षिणेला अर्ध्या दिवसाच्या वाटेवर पाचव्या शतकातल्या भिंती शरीरांनी गजबजल्या आहेत. पण ती शरीरं कोणाची? राजे, राण्या, दासी, बुद्धाच्या मागच्या जन्मांतले बोधिसत्त्व. विहारात राहणाऱ्या भिक्षूंनी जो संसार सोडला होता, तोच प्रामुख्यानं भिंतीवर आला. तिथेही चित्र गैरहजर देहांनाच बोलावत होतं.

आता तापी ओलांडून जैनाबादला, आहुखान्यात जावं लागतं, कारण इथे हे सूत्र खऱ्या कसोटीला लागतं. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल बुऱ्हाणपुरात वारली. तिचं शरीर आधी या बागेत ठेवलं गेलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आग्र्याकडे नेलं गेलं. म्हणजे हे शरीर गैरहजरही झालं आणि प्रवासालाही निघालं. माझं सूत्र सरळ लावलं, तर तिच्या तसबिरींचा ढीग असायला हवा. प्रत्यक्षात तिच्या हयातीतलं, निर्विवाद म्हणता येईल असं एकही चित्र उपलब्ध नाही. बाजारात मिळणारा तिचा चेहरा नंतरच्या काळाच्या कल्पनेचा. याच वर्षाच्या सुरुवातीला दुसऱ्या एका शरीराचा प्रवास उलट्या दिशेनं झाला होता. ज्याच्या बंडामुळे शाहजहान दख्खनेत उतरला, तो खानजहान लोदी उत्तरेत गाठून मारला गेला आणि त्याचं मुंडकं बादशहाकडे बुऱ्हाणपूरला आलं. या शिरच्छेदाचं आबिदनं काढलेलं चित्र विंडसरच्या ‘पादशाहनाम्या’त आहे, मानेवर फिरणारं हत्यार, रक्त, बाजूला पडलेली धडं, काहीही लपवलेलं नाही. एकाच वर्षातली ही दोन शरीरं. शत्रूचं शरीर शेवटच्या थेंबापर्यंत दाखवलं. प्रिय स्त्रीचं शरीर आधी बागेनं, मग पडद्यानं, शेवटी संगमरवरानं झाकलं. तेव्हा गैरहजेरी हे अर्धंच उत्तर ठरतं. गैरहजर शरीर चित्रात येतं, पण कोणतं येईल, हे ज्याच्या हाती अंमल असतो तो ठरवतो. दाखवणं आणि झाकणं ही दोन्ही कामं सत्तेचीच. फुलांनी भरलेला मकबरा आणि रक्तानं भरलेलं पान यांना हुकूम एकाच घराण्याकडून सुटत होता.

मराठी वाचकाला या गोष्टीचा एक धागा घरचा आहे. पुरंदरचा तह घडवून आणणारे मिर्झाराजे जयसिंह १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारले; शहराबाहेर तापीकाठी त्यांची छत्री आहे. ज्यांच्याशी त्यांनी तह केला, त्या शिवाजी महाराजांची जुनी चित्रं कुठे सापडतात? गोवळकोंड्याच्या शैलीतली एक तसबीर विट्सेन संग्रहातून ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. मीर मुहम्मदनं इटालियन प्रवासी मनुचीसाठी काढलेलं घोड्यावरचं चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचं विश्वसनीय चित्र लोकांपुढे आणलं, तेही परदेशी संग्रहातून. ज्यांनी महाराजांना रोज पाहिलं, त्यांच्या घरी चित्र उरलं नाही. ज्यांनी कधीच पाहिलं नव्हतं, त्यांना ते हवं होतं, म्हणून काढलं गेलं आणि जपलंही गेलं. आपल्याकडे कलेची आस्था नव्हती, अशी खंत यावर नेहमी व्यक्त होते. ती थोडी घाईची वाटते. तसबिरीची गरज अंतरातून उपजते, आणि ते अंतर ॲमस्टरडॅमला होतं, रायगडाला नव्हतं.

ही सगळी चर्चा सतराव्या शतकापुरती ठेवायचं कारण नाही. आज मानवाकृतीची चित्रकला सर्वांत जोमानं जिथे चालू आहे, त्यात आग्नेय आशियाचं नाव वरचं आहे, आणि त्यातला इंडोनेशिया हा जगातला सर्वाधिक मुसलमान लोकसंख्येचा देश. सुजोयोनो यांनी सहकाऱ्यांसह १९३८ मध्ये चित्रकारांची संघटना काढली आणि निसर्गदृश्यांच्या गोडव्यावर तुटून पडत समोरच्या माणसाकडे बोट दाखवलं. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर शांतिनिकेतनात आलेले आफांदी आयुष्यभर स्वतःचा सुरकुतलेला चेहरा थेट ट्यूबमधल्या रंगानं काढत राहिले. हेंद्रा गुनावान यांच्या बाजारकरणींची लांबट अंगं, बालीत जन्मलेल्या न्योमान मासरियादी यांचे फुगलेल्या स्नायूंचे काळे पैलवान, मलेशियाच्या अहमद झाकी अन्वर यांनी कोळशानं रेखलेले उघडे पुरुषदेह, ही यादी लांबवता येईल. मासरियादींचं एक चित्र २००८ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेलं. ‘इस्लाम आणि देहाचं चित्र एकत्र नांदत नाहीत’ हा आक्षेप इथे दुसऱ्यांदा पडतो. पण २००५ मध्ये जाकार्तातल्या सीपी बिएनालेत आगुस सुवागे आणि डेव्ही लिंगार यांनी आदम-हव्वेच्या उघड्या शरीरांची छायाचित्रांतून केलेली मांडणी ठेवली, तेव्हा कट्टरपंथी संघटनेनं निदर्शनं केली आणि कलावंतांना पोलिसी चौकशीला तोंड द्यावं लागलं. देहचित्रं तिथे आधीही होती. भांडण पेटलं ते प्रदर्शनाच्या भिंतीवर. आधुनिक प्रदर्शनानं एक जुनी वाटणी मोडली आहे. पोथीचं पान एका वेळी एकाच्या मांडीवर उघडायचं आणि पुन्हा मिटायचं. तेच पान भिंतीएवढं होऊन परक्या माणसांच्या घोळक्यापुढे उभं राहिलं, की कोणाचं शरीर कोणी दाखवायचं, हा तंटा उघड्यावर येतो. आपल्याकडे चित्रकारांवर झालेल्या खटल्यांमागेही हीच अडचण आहे. धर्म प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे.

बुऱ्हाणपूरचा शेवटचा पुरावा वास्तूंमध्ये नाही, गल्ल्यांमध्ये आहे. हे शहर चारशे वर्षं कापड विणत आलं आहे. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये इथल्या तलम सुती कापडाचं आणि त्यातल्या सोन्या-रुप्याच्या तारांचं वर्णन करतो. ते इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जायचं. मोगल तसबिरींतल्या अंगांवर जो पारदर्शक जामा दिसतो, तशा वस्त्रांचा व्यापार या पेठेतून चालायचा. लालबागेत पुढे ताप्ती मिल आली, आणि आज गल्लोगल्ली पॉवरलूमचा खडखडाट आहे. त्या मागांवर उभी असलेली शरीरं, वाकलेल्या पाठी, कापसाची भुकटी बसलेले केस, सुताची तुटलेली टोकं हेरणारी बोटं, या शहराच्या कोणत्याही चित्रात कधीच आली नाहीत. पोथीतही नाहीत आणि भिंतीवरही नाहीत. भिंतींवर आता माणसं आहेत, पण ती फ्लेक्सवरची : भोपाळ-दिल्लीत बसलेल्या नेत्यांचे हात जोडलेले, गोरे केलेले चेहरे. गैरहजर आणि अंमल असलेलं शरीर चौकात टांगायचं, हा जहांगीरच्या काळातलाच कायदा आहे. फक्त कागदाच्या जागी प्लास्टिक आलं.

हा कायदा अपरिहार्य आहे का, एवढाच प्रश्न उरतो. नाही, असं म्हणायला एक मराठी आधार आहे. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या सुधीर पटवर्धनांनी १९७० च्या दशकापासून इराणी हॉटेलात बसलेली, रुळांच्या कडेनं चालणारी, गिरणगावात राबणारी माणसं मोठ्या कॅनव्हासवर काढली. ती शरीरं दूरदेशीची नव्हती, शत्रूचीही नव्हती. प्रदर्शनगृहाच्या दाराबाहेरच्या रस्त्यावर ती चालतच होती. हजर असूनही न दिसणाऱ्या देहाला चित्र मिळू शकतं, हे त्यांनी दाखवलं. यावर कोणी म्हणेल की अशी चित्रंही शेवटी मुंबईच्या श्रीमंत भिंतींवर जातात, मागावरच्या माणसाच्या वाट्याला काय येतं? प्रश्न रास्त आहे. चित्रानं मजुरी वाढत नाही. पण कोणाचं शरीर पाहण्याजोगं, हे ठरवण्याचा हक्क चारशे वर्षं किल्ल्याकडे होता. तो एका डॉक्टरानं ठाण्यात बसून आपल्याकडे घेतला, ही लहान गोष्ट नाही. बुऱ्हाणपुरात हमाम आणि मकबरा पाहून झाल्यावर प्रवाशानं पॉवरलूमच्या एखाद्या गल्लीतून जरूर जावं. या शहराच्या चित्रकलेत जे काम अजून व्हायचं आहे, ते तिथे रोज तीन पाळ्यांत उभं असतं.